आमच्या विमानतळावर तिकीट मिळत नाही

या सुट्टीत नेरुळला आल्यापासून घरात, जिन्यात, रिक्षात एकच विषय चालू आहे. आपला विमानतळ. ८ ऑक्टोबर २०२५ ला उद्घाटन झालं, २५ डिसेंबरला पहिली प्रवासी विमानं उडाली आणि तेव्हापासून सीवूड्सपासून पनवेलपर्यंत जो तो विमानतळतज्ज्ञ झालाय. परवा सेक्टरच्या नाक्यावरून रिक्षा केली, तर मीटर टाकायच्या आधी रिक्षावाल्याने सांगितलं, "मॅडम, धावपट्टी ३७०० मीटरची आहे!" बरोबर आहे त्याचं.

अशा वातावरणात आई कुणालाही सहज सांगून टाकते, "आमची हीसुद्धा विमानतळच चालवते, अमेरिकेत." मग समोरच्याचे प्रश्न. किती विमानं येतात रोज? कुठल्या कंपन्यांची? थेट मुंबईला आहे का? यावर माझी उत्तरं निराशाजनक असतात. कंपनी एकही नाही. तिकिटाची खिडकी नाही, सामानाचा पट्टा नाही, सुरक्षा तपासणीची रांग नाही. कंट्रोल टॉवरही नाही.

मावशी उलव्याला राहते. तिच्याकडे जेवायला गेलो होतो तेव्हा शेवटच्या वाक्यावर काकांचा हात ताटावरच थांबला.

"टॉवर नाही? मग विमानांना उतरायला सांगतं कोण?"

"कोणीच नाही."

"मग तू तिथे काय करतेस?"

रास्त प्रश्न आहे. त्या रात्री काकांना जे सांगितलं, तेच इथे जरा सविस्तर लिहिते.

अमेरिकेत सार्वजनिक वापराचे सुमारे ५००० विमानतळ आहेत. त्यातल्या जेमतेम ५०० च्या आसपास ठिकाणी कंट्रोल टॉवर आहे. बाकीचे आमच्यासारखे. आपल्याकडे नगरपालिका म्हटलं की पाणी, कचरा, दिवाबत्ती. तिकडे त्याच यादीत बऱ्याच गावांना एक धावपट्टीही सांभाळावी लागते. मी आयोवा राज्यातल्या अशाच एका गावच्या नगरपालिकेची नोकर. चहूबाजूंना मका आणि सोयाबीन, मध्ये ५००० फुटांची, म्हणजे साधारण १५०० मीटरची पट्टी. नवी मुंबईच्या धावपट्टीच्या निम्मीसुद्धा नाही. येणारे-जाणारे कोण? पिकांवर फवारणी करणारी विमानं, विमान शिकणारी पोरं, हॉस्पिटलचं हेलिकॉप्टर, एखाद्या कारखान्याच्या मालकाचं छोटं जेट आणि शनिवारी सकाळी हमखास उगवणारे सत्तरी ओलांडलेले हौशी पायलट, ज्यांना पन्नास मैलांवरच्या दुसऱ्या गावात नाश्ता करायला जायचं असतं.

आता टॉवर नसताना उतरतात कसे? सगळे एकाच रेडिओ फ्रीक्वेन्सीवर असतात आणि प्रत्येक जण आपण कुठे आहोत ते मोठ्याने सांगतो. साधारण दहा मैलांवर असताना पहिली घोषणा: गावाचं नाव, मी अमुक विमान, दक्षिणेकडून येतोय, उतरणार आहे, पुन्हा गावाचं नाव. नाव दोनदा घ्यायचं, कारण तीच फ्रीक्वेन्सी आजूबाजूच्या गावांनाही दिलेली असते. स्वच्छ हवेच्या दिवशी ऑफिसात तीन-तीन गावांच्या गप्पा एकदम ऐकू येतात. मग जमिनीपासून साधारण १००० फुटांवर, धावपट्टी डाव्या हाताला ठेवून चौकोनी फेरी. धावपट्टीला समांतर उलट दिशेने जाताना 'डाउनविंड', वळलं की 'बेस', समोर पट्टी आली की 'फायनल'. प्रत्येक वळणावर घोषणा.

काकांनी तीस वर्षं हार्बर लाइनने नोकरी केली आहे. ते लगेच म्हणाले, "म्हणजे दारातलं 'वाशी उतरणार का?'" अगदी तेच. गाडी मानखुर्द सोडते तेव्हा दारात कोण कुणाच्या मागे हे आपोआप ठरलेलं असतं, आणि ते ठरवायला रेल्वेचा माणूस लागत नाही.

दोन विमानं एकदमच फायनलवर आली तर जो खाली आहे त्याचा हक्क पहिला, हा कायदा. पण त्याच नियमात पुढे असंही लिहिलंय की या हक्काचा गैरफायदा घेऊन कुणाच्या पुढे घुसू नये. सायन-पनवेल हायवेवर वाढलेल्या माणसाला हे वाक्य वाचताना गहिवरून येतं. आणखी एक गंमत: अशा विमानतळावर रेडिओ सक्तीचा नाही. १९४० च्या दशकातलं, ज्यात बॅटरीच नाही असं विमान घेऊन कोणी आलं तर तेही कायदेशीर. त्यामुळे कान कितीही उघडे ठेवले तरी शेवटी मान वळवून बघावंच लागतं.

यात माझी जागा कुठे? आकाशात माझं काहीही चालत नाही. ऑफिसात रेडिओ आहे. कोणी विचारलं तर वारा सांगते, बाकीचे कुठल्या दिशेने उतरताहेत ते सांगते. "उतरा" असं मात्र म्हणू शकत नाही. तो अधिकार कंट्रोलरचा, आणि कंट्रोलर आमच्याकडे नाही. "धावपट्टीवर हरणं आहेत" एवढं म्हणू शकते, आणि आयोवात हे वाक्य बऱ्यापैकी उपयोगी पडतं. थोडक्यात, वर असलेल्या माणसाने नकाशात, हवामानात, सूचनांमध्ये आमच्या जमिनीबद्दल जे वाचलंय ते खरं असलं पाहिजे, एवढीच माझी नोकरी. दिवे आहेत म्हटलंय तर दिवे लागले पाहिजेत. ५००० फूट म्हटलंय तर पाचही हजार फूट मोकळे पाहिजेत. जे खरं नाही ते नोटॅम, म्हणजे पायलटांसाठीची अधिकृत सूचना, काढून ताबडतोब जाहीर करायचं. पट्टी बंद असेल तर दोन्ही टोकांना मोठ्या पिवळ्या फुल्या, वरून दिसतील अशा.

म्हणून सकाळी पिकअप ट्रक घेऊन या टोकापासून त्या टोकापर्यंत फेरी. भेगांमधून वर आलेलं गवत, सुटा खडा, गवत कापणाऱ्या यंत्राने उडवलेल्या दिव्याची काच, वाऱ्याची दिशा दाखवणारा पण फाटलेला कापडी विंडसॉक. मग इंधन. हे काम मला मनापासून आवडतं. पिस्टन इंजिनाच्या विमानांना लागणारं पेट्रोल मुद्दाम निळं रंगवलेलं असतं, जेटचं इंधन जवळजवळ बिनरंगी, किंचित पिवळसर. टाकीच्या तळातून काचेच्या बरणीत थोडं काढायचं आणि उजेडाकडे धरायचं. पाणी शिरलं असेल तर निळ्याच्या खाली पारदर्शक थेंब वेगळा दिसतो, बरणी हलवली की पाऱ्यासारखा पळतो. थेंब दिसला तर तो जाईपर्यंत काढत राहायचं. जेटच्या नळीचं तोंड रुंद आणि चपटं असतं, म्हणजे ते लहान विमानाच्या टाकीत जाऊच नये. कारण चुकून जेटचं इंधन भरलं तरी पिस्टन इंजिन सुरू होतं. नळ्यांमधल्या उरलेल्या पेट्रोलवर ते पट्टीपर्यंत जातं, उडतंसुद्धा, आणि मग वर जाऊन बंद पडतं. त्या निळ्या पेट्रोलमध्ये अजूनही शिसं आहे. २०३० अखेर ते हद्दपार करायचं ठरलंय. पर्याय आलेत, पण कुठल्या इंजिनाला कुठला चालतो यावर हौशी म्हाताऱ्यांची भांडणं ऐकण्यासारखी असतात.

मावशीला सगळ्यात जास्त भावलं ते रात्रीचं. रात्री आमच्याकडे कोणीच नसतं. विमानतळ उघडाच, मी घरी झोपलेली. येणारा पायलट रेडिओचं बटण पाच सेकंदांत सात वेळा दाबतो आणि खाली अंधारात धावपट्टीचे दिवे पूर्ण तेजाने लागतात. पाच वेळा दाबलं तर मध्यम, तीन वेळा दाबलं तर मंद. पंधरा मिनिटांनी आपोआप बंद. "वीज बिल वाचतं की गं," मावशी म्हणाली. नगरपालिकेचंही तेच म्हणणं.

ढग खाली आलेले असतील तेव्हा मात्र बघून उतरणं जमत नाही. मग उपग्रहाच्या मदतीने आखलेला मार्ग वापरायचा. यासाठी जमिनीवर महागडी यंत्रणा लागत नाही, म्हणून आमच्यासारख्या गावांचं नशीब उघडलं. चांगल्या मार्गाने पायलट जमिनीपासून साधारण २५० फुटांपर्यंत ढगातून खाली येऊ शकतो. तिथपर्यंत पट्टी किंवा तिचे दिवे दिसले नाहीत तर परत वर. पण तो मार्ग आखलेला असतो वाटेतल्या अडथळ्यांवर, आणि अडथळे वाढतात. आमच्या उत्तरेच्या टोकापलीकडे एका शेतकऱ्याचं कॉटनवूडचं झाड आहे. उतरण्याच्या वाटेवर एक काल्पनिक उतार धरलेला असतो, दर वीस फुटांना एक फूट चढणारा. त्या उताराच्या वर झाडाचा शेंडा गेला आणि अमेरिकेच्या विमान वाहतूक प्रशासनाने त्या बाजूचा मार्ग रात्रीपुरता बंद केला. झालं. म्हणजे रात्री, पावसात, रुग्णाला न्यायला येणारं विमान त्या बाजूने येऊच शकत नाही. का, तर एक शेंडा.

मी त्या शेतकऱ्याच्या स्वयंपाकघरात बसून किती कॉफी प्यायले असेन! झाड त्याच्या आजोबांनी लावलेलं. जमीन त्याची, आकाश कुणाचं हा वाद. तो सभ्यपणे नाही म्हणायचा, त्याची बायको केक द्यायची, मी परत यायचे. शेवटी वरचा भाग छाटायला तो तयार झाला, मोबदला घेऊन आणि नगरपालिकेने दुसरीकडे झाडं लावून द्यायच्या अटीवर. छाटलं की संपत नाही. पुन्हा मोजणी, पुन्हा कागद, आणि सुधारित नकाशा छापून येईपर्यंत बंदी कायम.

काका हसायला लागले. एका झाडासाठी एवढं? त्यांच्या डोळ्यांदेखत इथे साधारण ९० मीटर उंचीची उलव्याची टेकडी कापली गेली, उलवे नदीचा प्रवाह वळवला गेला, दहा गावं उठली. सुरुंग लागले की मावशीच्या शोकेसमधल्या बरण्या वाजायच्या. त्यांच्या ओळखीतल्या कित्येकांचं मूळ घर आज त्या कुंपणाच्या आत कुठेतरी आहे. त्या कॉफीच्या फेऱ्या मला तेव्हा वेळखाऊ वाटायच्या. काकांसमोर बसून तसं म्हणवेना.

उंचीचा प्रश्न इथेही सुटलेला नाही, फक्त तो आता इमारतींवर आलाय. भारतात विमानतळापासून २० किलोमीटरच्या परिघात बांधकामाच्या उंचीवर विमानतळ प्राधिकरणाचे नियम लागू होतात. कुठे किती उंच जाता येईल याचे रंगीत नकाशे असतात. आमच्या नेरुळच्या सोसायटीचा पुनर्विकास चाललाय म्हणून सेक्रेटरी मला जिन्यात गाठून विचारतात, "तुम्ही त्या लाइनमधल्या, किती मजले मिळतील?" मी कॉटनवूडची गोष्ट सांगते. त्यांना आवडत नाही.

पैशांबद्दल थोडक्यात. तिकडे धावपट्टीसारख्या मोठ्या कामाचा साधारण ९० टक्के खर्च अमेरिकेचं केंद्र सरकार देतं. त्या बदल्यात अटी: विमानतळाचं उत्पन्न विमानतळावरच खर्च करायचं आणि मनात आलं म्हणून बंद करायचा नाही. आमच्या उत्पन्नात हँगरचं भाडं, इंधन आणि पट्टीच्या कडेची जमीन मक्याला दिल्याचा खंड. कुठलाही नवा नगरसेवक आला की त्याला तिथे मॉल दिसतो. मग मी त्याला शिकागोच्या मेग्ज फील्डची हकिकत ऐकवते. २००३ च्या मार्चअखेर तिथल्या महापौरांनी मध्यरात्री बुलडोझर पाठवून धावपट्टीवर मोठमोठ्या फुल्या खणल्या. सोळा विमानं आत अडकली. शहराला ३३,००० डॉलर दंड झाला आणि केंद्राचे दहा लाख डॉलर परत करावे लागले. पण विमानतळ गेला तो गेलाच. आता तिथे बाग आहे. नगरसेवकाला यातून नेमका कुठला धडा मिळतो, याची मला खात्री नाही.

बर्फाबद्दल लिहीत नाही. मीठ टाकायची सोय नाही, नुसता बर्फाचा नांगर, थंडी, शिव्या. एवढंच.

पक्षी मात्र दोन्हीकडचे. आमच्याकडे कॅनडा गीज, म्हणजे जाडजूड रानहंस. १५ जानेवारी २००९ ला न्यूयॉर्कमध्ये यांचाच थवा दोन्ही इंजिनांत गेला आणि विमान हडसन नदीत उतरवावं लागलं. आम्ही त्यांना फटाक्यांनी हाकलतो, गवताची उंची सांभाळतो, पाणी साचू देत नाही. काकांना वाटलं मी इथल्या तळ्यांवर येणाऱ्या फ्लेमिंगोंवर घसरणार. नाही. फ्लेमिंगोंना बसायला पाणथळ जागा हवी. ती बुजवली तर ते बसायला दुसरी सपाट, मोकळी जागा शोधणार, आणि विमानतळ ही फार सपाट, मोकळी जागा असते. तळी राहू द्यावीत, हे माझं धंद्याचं मत आहे, निसर्गप्रेम वेगळं. खरा धोका घारी आणि कावळ्यांचा, आणि ते येतात कचऱ्यावर. एअरक्राफ्ट रूल्स १९३७ मध्ये स्पष्ट लिहिलंय: विमानतळापासून १० किलोमीटरच्या आत उघड्यावर कचरा टाकायला मनाई.

हे काकांनी मनावर घेतलं. दुसऱ्या दिवशी सकाळी सोसायटीच्या ग्रुपवर त्यांनी कोपऱ्यावरच्या ढिगाचा फोटो टाकला, वर बसलेल्या दोन घारींसकट, आणि खाली नियम. दुपारपर्यंत तेरा अंगठे आले आणि एक उत्तर: "मग टाकायचा कुठे?"