पॅन तुमचं, धंदा दुसऱ्याचा

पॅनकार्डाची झेरॉक्स आपण कुणालाही सहज देतो. तिच्यावर कुणी बोगस फर्म काढली, तर जीएसटीची नोटीस तुमच्या दारात येते. म्हणून जीएसटी पोर्टलवर ‘सर्च टॅक्सपेयर’मध्ये जाऊन ‘सर्च बाय पॅन’ करा. लॉगिन लागत नाही; तुमच्या पॅनवरचे जीएसटी क्रमांक राज्यासकट दिसतात. अनोळखी नोंद सापडली तर स्क्रीनशॉट काढा, तिथेच तक्रार नोंदवा आणि पोलिसांतही द्या, पोच घ्याच.

रिटर्न भरण्याआधी आयकर पोर्टलवरचं एआयएस, म्हणजे तुमच्या पॅनवर नोंदलेल्या उत्पन्नाचं आणि व्यवहारांचं वार्षिक पत्रक, नीट वाचा. कधीच न केलेल्या नोकरीचा पगार दिसला, तर त्या ओळीच्या फीडबॅकमध्ये तो नाकारा.

ईमेलने नोटीस आली तर लिंक दाबू नका. ऑक्टोबर २०१९पासून आयकराच्या पत्रांवर डीआयएन, म्हणजे त्या पत्राचा ओळख क्रमांक असतो, तो पोर्टलवर पडताळा. पैसे गेलेच तर लगेच १९३० ही सायबर फसवणुकीची हेल्पलाइन लावा.