विहिरीची गल्ली

पणजोबांच्या पेटीच्या तळाशी पाव आण्याचं एक पोस्टकार्ड मिळालं. ‘दोन करंड्या आंबे आगबोटीने रवाना केले आहेत, उतरून घेणे.’ पत्ता : विहिरीची गल्ली, काळबादेवीनजीक, मुंबई. आंबे पोचले की वाटेतच संपले, देव जाणे. मला मात्र गल्लीचं वेड लागलं.

मोबाइलच्या नकाशात हे नाव टाकलं की तो भलत्याच तालुक्यात नेऊन सोडतो. मग लॉटनसाहेबाचे नकाशे धुंडाळले. १८६०-७०च्या सुमारास या कर्नलने मुंबई घरागणिक मोजली होती. काळबादेवीच्या पश्चिमेला नुसता बोळांचा गुंता. त्यात एक वाकडा बोळ आणि अर्ध्यावर बारीकसं वर्तुळ. विहीर! बोळाला नाव नाही. साहेबाने विचारलं नसावं. विचारलं असतं तर दर घराने वेगळं सांगितलं असतं म्हणा.

विसाव्या शतकातल्या नकाशात नेमका त्या वर्तुळावरून प्रिन्सेस स्ट्रीट गेलेला, पट्टी ठेवून ओढल्यासारखा. १८९६ला मांडवीत प्लेग निघाला, १८९८ला इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट आला, आणि दाट वस्तीत समुद्राचं वारं शिरलं पाहिजे असं ठरलं. वाऱ्याच्या वाटेत आमची गल्ली होती.

जुन्या वर्तमानपत्रांच्या मायक्रोफिल्मचं हँडल फिरवून मान अवघडली. बातमी कुठेच नाही. शेवटी केशतेलाच्या आणि शक्तिवर्धक गोळ्यांच्या जाहिरातींत चेपलेली एक नोटीस दिसली : पाडलेल्या घरांचं सागवान, कौलं, दारं-खिडक्या यांचा लिलाव. पैसे रोख, माल ज्याचा त्याने उचलावा. पणजोबांचं दार कुठल्या चाळीला लागलं असेल? ते उघडायला नवख्या माणसाला दोनदा ढकलावं लागत असणार, अशी माझी उगीचच खात्री आहे.

एका शनिवारी दोन्ही नकाशांच्या झेरॉक्स घेऊन तिथे गेलो. आता रस्त्याला शामळदास गांधी मार्ग म्हणतात, म्हणजे पाटीवर. दुतर्फा औषधांची ठोक दुकानं, हातगाड्या, खोक्यांचे ढीग. एका दुकानाची मागची भिंत चांगलीच तिरकी होती. झेरॉक्स फिरवून फिरवून पाहिला. बोळाच्या वळणाचाच कोन.

“भिंत अशी तिरकी कशी काय हो?” मी विचारलं.

“पहिल्यापासून तशीच आहे, साहेब. कपाट कधी बसतच नाय तिथे,” गल्ल्यावरचे काका म्हणाले आणि वाकून दाखवलं. कपाटाच्या एका पायाखाली लाकडाची पाचर होती, काळी पडलेली, बहुधा सागाची.

“पप्पांनी मारली होती. काढू नका हां, सगळं खाली येईल.”