मारुती ८०० ला ऑइल प्रेशरचा बझर बसवताना

मारुती ८०० च्या मीटरमध्ये तेलाच्या किटलीचं चित्र असलेला लाल दिवा असतो. तेल किती आहे ते तो सांगत नाही, तेलाला दाब आहे की नाही एवढंच सांगतो. दुपारच्या उन्हात तो पेटलेला पटकन दिसत नाही. खडबडीत रस्त्यावर दगड लागून इंजिनाखालचं तेलाचं चेंबर फुटलं की तेल भराभर जातं आणि दाब गेल्यावर बेअरिंग खराब व्हायला काही सेकंद पुरतात. चालवणारा समोरच्या एसटीकडे बघत असतो, मीटरकडे नाही. म्हणून माझ्या जुन्या ८०० ला मी आवाज बसवला. काम सोपं आहे, पण काही गोष्टी आधी समजून घेतल्या नाहीत तर बझर नको तेव्हा बोंबलतो आणि हवा तेव्हा गप्प बसतो.

कंपनीचं सर्किट असं असतं. चावी ऑन केली की फ्यूजमधून आलेला करंट दिव्यातून इंजिनावरच्या ऑइल प्रेशर स्विचकडे जातो. स्विचला एकच वायर असते, अर्थ (म्हणजे मायनसची जोडणी) त्याला स्वतःच्या बॉडीतून मिळतो. दाब नसताना आतले पॉइंट जुळलेले असतात, म्हणून दिवा लागतो. इंजिन सुरू होऊन दाब साधारण ०.३ बारच्या, म्हणजे चारेक पीएसआयच्या वर गेला की पॉइंट सुटतात आणि दिवा विझतो. बझर जोडायची जागा यातच सापडते: प्लस चावीच्या करंटला, मायनस स्विचच्या वायरला. इंजिन चालू असताना दिव्यातून आलेले १२ व्होल्ट त्या वायरवर उभे असतात, बझरच्या दोन्ही टोकांना सारखाच व्होल्टेज, म्हणून तो गप्प. दाब पडला की वायर अर्थ होते आणि तो वाजतो. मीटरमधला बल्ब उडाला तरी बझर वाजणारच, हा वरचा फायदा.

बझर १२ व्होल्टचा पिझो घ्यायचा. पुण्यात बुधवार पेठेतल्या तापकीर गल्लीत किंवा मुंबईत लॅमिंग्टन रोडला सहज मिळतो. मागताना ‘अ‍ॅक्टिव्ह’, म्हणजे आतच आवाजाचं सर्किट असलेला, म्हणून मागा, कारण नुसती पितळी चकती डीसीवर एकदा टक् करते आणि संपलं. असा बझर दहा-तीस मिलीअँपियर खातो, तेव्हा स्विचच्या पॉइंटवर काही ताण येत नाही आणि रिले (छोट्या करंटवर मोठा करंट चालू करणारा स्विच) लागत नाही. काही जण रिव्हर्स हॉर्न जोडतात. तो करंट जास्त घेतो आणि बंद गाडीत माणूस दचकून स्टिअरिंग ओढेल इतका मोठा वाजतो. मोठाच आवाज हवा असेल तर मध्ये रिले घाला आणि त्याच्या ८५-८६ वर, म्हणजे कॉइलच्या दोन टोकांवर, १एन४००७ डायोड (करंट एकाच दिशेने जाऊ देणारा) उलटा टाका, पट्टी प्लसकडे. नाहीतर रिले सुटताना कॉइलमधून येणारा झटका स्विचचे पॉइंट हळूहळू जाळतो.

बझरच्या प्लसलाही एक १एन४००७ मालिकेत हवा, पट्टी बझरकडे. मीटरचा दिवा एका फ्यूजवर आणि बझर दुसऱ्या फ्यूजवर असेल आणि बझरचा फ्यूज उडाला, तर दिव्यातला करंट बझरमधून उलटा शिरून त्या मेलेल्या लाइनवरच्या इतर वस्तूंपर्यंत पोहोचू शकतो. डायोड ती वाट बंद करतो. एक अँपियरचा वेगळा फ्यूज काचेच्या होल्डरमध्ये घातला की झालं.

वायर कुठे जोडायची यावर दोन मतं आहेत. मीटर बाहेर काढून मागे जोडली तर लांब वायर ओढावी लागत नाही. मी मात्र स्विचपासूनच वेगळी वायर आत आणली. कारण असं, की मूळ वायर मध्येच कुठे तुटली तर दिवा मरतो, पण बझर जिवंत राहतो, आणि बझरची तुटली तर दिवा राहतो. चावी ऑन केल्यावर दोघं बरोबर आले पाहिजेत. एकच आला तर दुसऱ्यात बिघाड आहे, हे इंजिन सुरू करायच्या आधीच कळतं.

स्विच ऑइल फिल्टरच्या आसपास असतो. वायरच्या रंगावर भिस्त ठेवू नका, जुन्या गाड्यांत एवढे हात फिरलेले असतात की रंगाला अर्थ उरत नाही. स्विचची टोपी काढा, चावी ऑन ठेवून ते टोक इंजिनाच्या उघड्या धातूला टेकवा. किटलीचा दिवा लागला तर वायर तीच. टोपीपासून बोटभर अंतरावर जोड द्या, क्रिम्प करून वर हीट श्रिंक स्लीव्ह चढवा. नुसतं सोल्डर केलं तर इंजिनाच्या थरथरीने वायर सोल्डर संपतं तिथेच तुटते. वायर ०.७५ चौरस मिमीची पुरते. एक्झॉस्ट मॅनिफोल्ड, फॅन बेल्ट आणि प्लगच्या वायरींपासून लांब ठेवा आणि फायरवॉलमधून, म्हणजे इंजिन आणि केबिनमधल्या पत्र्यातून, रबर ग्रोमेट घालूनच आत न्या. पत्र्याच्या कडेवर इन्सुलेशन घासलं तर ती अर्थ होते आणि बझर थांबतच नाही. तो त्रास चालेल, तुटलेल्या वायरीची शांतता चालणार नाही.

टोपीत तेल दिसलं तर स्विच आतून गळतोय, बदलाच. गळका स्विच खोटं बोलायला लागतो. नवा बसवताना टेफ्लॉन टेप भरपूर गुंडाळू नका, एक तर बॉडीचा अर्थ जातो, दुसरं म्हणजे टेपचा तुकडा तेलाच्या मार्गात जाऊ शकतो. पहिले दोन आटे कोरे ठेवून पुढे थोडं लिक्विड सीलंट, आणि आवळायचा १२ ते १५ न्यूटन मीटरच. आटा टेपर, म्हणजे निमुळता, आहे, जास्त ओढला तर ब्लॉकला चीर जाते.

आता मुख्य अडचण. ०.३ बारला वाजणारा बझर उशिरा वाजतो. हायवेवर ३००० आरपीएमला निरोगी इंजिनाला तीन-चार बार दाब असतो. तिथून तो अर्ध्या बारवर आला म्हणजे इंजिन संकटात आहे, पण कंपनीच्या स्विचच्या लेखी सगळं आलबेल. यासाठी मी टी (तीन तोंडांचा जोड) लावून दुसरा, सेटिंग बदलता येणारा स्विच बसवला. घेताना ‘नॉर्मली क्लोज्ड’, म्हणजे दाब नसताना पॉइंट जुळलेला, बघून घ्या, उलट प्रकारचा स्विच दाब असतानाच बझर वाजवेल. आटाही बघा. सुझुकीचा १/८ बीएसपीटी (ब्रिटिश पाइप आटा), इंचाला २८ आटे. बाजारातले बरेच स्विच १/८ एनपीटी (अमेरिकन पाइप आटा), इंचाला २७. एनपीटीचा बीएसपीटीत दोन-तीन वेढे छान जातो, मग अडतो, आणि गरम झाल्यावर गळतो. अ‍ॅडॉप्टर घ्याच. टी आणि दोन स्विच मिळून वजन वाढतं, ते थेट ब्लॉकवर लोंबकळत ठेवलं तर थरथरीने मानेत तुटतं. छोट्या होजने बाजूला नेऊन क्लॅम्प करा.

सेटिंग किती ठेवायचं हे अंदाजाने ठरवू नका. साधा मेकॅनिकल गेज लावून इंजिन पूर्ण गरम झाल्यावर, म्हणजे अर्धा तास गाडी चालवून, आयडलचा दाब मोजा. एक बार भरला तर स्विच ०.६-०.७ वर ठेवा. त्याच्या वर ठेवलात तर प्रत्येक सिग्नलला बझर वाजेल, आणि रोज वाजणाऱ्या बझरची वायर आठवड्यात कुणीतरी काढतंच. गाडीवर चढवायच्या आधी स्विच टेबलावर जुळवला. पायपंपाची नळी, मध्ये गेज, टोकाला स्विच, मल्टीमीटर कंटिन्युइटीवर. पंप मारला की मीटरची बीप थांबते. मग हवा हळूहळू सोडायची आणि बीप परत सुरू होते तो आकडा वाचायचा. वर जातानाचा आकडा थोडा जास्त येतो, तो सोडून द्या, आपल्याला उतरता दाब हवाय. स्क्रू पाव-पाव फेरा फिरवत जुळवा.

बझर बंद करायचं बटण ठेवू नका, ते एकदा बंद केलं की बंदच राहतं. इंजिन चालू असतानाच वाजावा म्हणून अल्टरनेटरच्या दिव्याच्या टर्मिनलवरून करंट घेण्याचीही युक्ती आहे. ती मला पटत नाही. बेल्ट तुटला की अलार्मही जातो, आणि चावी ऑन केल्यावरची रोजची तपासणी हुकते.

या तपासणीतून आणखी एक गोष्ट कळते. स्टार्ट मारल्यावर आवाज एक-दोन सेकंदांत थांबला पाहिजे. रोज सकाळी चार-पाच सेकंद रेंगाळत असेल तर फिल्टरमधला तेल अडवणारा व्हॉल्व्ह गळतोय, रात्रभरात फिल्टर रिकामा होतो. स्वस्त लोकल फिल्टरमध्ये हे हमखास दिसतं. वळणावर क्षणभर चिरकला तर आधी डिपस्टिक बघा, तेल कमी असलं की ते एका बाजूला सरतं आणि पंप हवा ओढतो.

चालत्या गाडीत सलग वाजला तर क्लच दाबून गाडी डावीकडे घ्या आणि इंजिन बंद करा. चावी एकच घर मागे, लॉकपर्यंत नाही. ब्रेकला बूस्टर असेल तर पेडल जड लागेल, जोर लावा. तेलाची पातळी बरोबर असेल तरी गेज लावून दाब बघेपर्यंत परत स्टार्ट मारायचा नाही, टो करून न्यायची.

नव्या गाड्यांना ही जोडणी जशीच्या तशी करू नका. इंजिन चालू असताना स्विचच्या वायरवर १२ ऐवजी ५ व्होल्ट दिसले तर ती थेट कंट्रोल युनिटकडे, म्हणजे गाडीच्या कॉम्प्युटरकडे, जाते. तिला हात न लावता वेगळा स्विच, वेगळी वायर.