ओढ्यापलीकडची जागा आणि दोन सह्या

बांगलादेशातल्या उखियाच्या रोहिंग्या निर्वासितांच्या कॅम्पमध्ये दरडीच्या तोंडावरची कुटुंबं हलवायची तर बांबू मिळतो, ताडपत्री मिळते, ओझी वाहायला माणसंही मिळतात. मिळत नाही ती सही. २०२२ च्या पावसाळ्याआधी मी हे काम केलं. त्या सहीचा राग अजून गेलेला नाही. नव्याने इथे कामाला येणाऱ्यांना उपयोगी पडेल म्हणून सगळं लिहून काढते आहे.

२०१७ च्या ऑगस्टपासून काही महिन्यांतच म्यानमारच्या राखाइनमधून सात लाखांवर माणसं इथे आली. त्यांच्या वाट्याला आल्या जंगलाच्या टेकड्या. झाडं गेली, सरपणासाठी मुळंसुद्धा उकरली गेली, आणि राहिली ती वाळूची भुसभुशीत माती. तिच्यात पायऱ्या कापून घरं उभी आहेत, तीही बांबू-ताडपत्रीची, कारण पक्क्या बांधकामाला सरकारची परवानगी नाही. २०२१ च्या जुलैत महाडजवळच्या तळियेवर दरड कोसळली, त्याच्या पुढच्या काही दिवसांत इथेही दरडींनी माणसं घेतली. मी महाडकडची. उतार धोक्याचा आहे असं कळल्यावर मला बसवत नाही.

पाहणी झाली, कुटुंबंही तयार झाली. संमती घेताना ब्लॉकच्या मुखियावर थांबू नका, घरातल्या बाईला विचारा. नळ किती लांब, संडासाच्या वाटेवर रात्री दिवा आहे का, बहीण शेजारी राहील का, हे तीच सांगते. नाव 'हो' म्हणून लिहिलेलं आणि निघायच्या दिवशी नकार, हे बहुतेक तिला न विचारल्यामुळे होतं.

सपाट केलेली जागा सापडली ओढ्यापलीकडे. पण ओढा म्हणजे दोन कॅम्पांची हद्द, आणि प्रत्येक कॅम्पला सरकारने नेमलेला वेगळा प्रभारी अधिकारी. अलीकडचं कार्यालय म्हणालं, आधी पलीकडच्यांनी जागा दिल्याचं पत्र आणा, मग नावं सोडतो. पलीकडचं म्हणालं, आधी त्यांनी सोडल्याचं पत्र आणा, मग जागा देतो. रेशन, स्वयंपाकाचा गॅस, सगळं राहत्या कॅम्पच्या यादीला जोडलेलं, त्यामुळे नावं मध्येच लटकू नयेत ही दोघांची काळजी खरी होती. पण त्या काळजीपायी माणसं भेगाळलेल्या उतारावर झोपत होती, आणि याचं उत्तरदायित्व कोणाच्याच टेबलावर नव्हतं. मी या कार्यालयातून त्या कार्यालयात चालत राहिले. साहेब मीटिंगला गेलेत. साहेब ढाक्याला गेलेत. मग एका साहेबांची बदलीच झाली, आणि नवीन आलेल्यांनी यादी पुन्हा तपासून मागितली. आमच्याकडे पहिल्या अर्जाची पोच होती म्हणून निदान तारीख तरी टिकली. प्रत्येक कागदाची शिक्क्यासह पोच घ्या आणि तिथेच उभं राहून मोबाईलवर फोटो काढा.

दरम्यान वळवाचे पाऊस सुरू झाले. उताराच्या अगदी कडेला राहणारी एक म्हातारी मला बघितलं की विचारायची, "आपा, कागद आला?" तिच्या घरामागे मनगट जाईल एवढी भेग पडली होती. ती भेग मी अर्जात लिहिली, फोटो जोडला, तरी फाईल हलली नाही. शेवटी नव्या साहेबांना म्हटलं, "सर, सही नका करू, फक्त माझ्याबरोबर वर चला." ते आले. भेगेत स्वतः काठी घालून बघितली. मी आधीच एकाच कागदावर दोन्ही कॅम्पांच्या सह्यांचे रकाने शेजारी शेजारी आखून ठेवले होते. सही तिथेच, उभ्याउभ्या झाली. तोच कागद घेऊन ओढा ओलांडला, आणि दुसरी सही त्याच दुपारी. मला त्या कागदाचा आजही अभिमान वाटतो. दोन पत्रं मागवलीत की "आधी तुम्ही" सुरू होतं. पहिल्या दिवसापासून एकच कागद ठेवा.

हो, यादीत नुसती नावं लिहू नका. एकाच नावाच्या दोन-तीन बायका एका ब्लॉकमध्ये असतात. कुटुंब क्रमांक प्रत्येकीच्या कार्डावरून उतरवा, ऐकून नको.

पुढचं भराभर झालं. सकाळी कोरडं असताना निघायचं आणि ताडपत्री सगळ्यात आधी न्यायची, म्हणजे पाऊस आलाच तर सामान झाकता येतं. जागा मोजताना माणशी साडेतीन चौरस मीटर छताखाली मिळायला हवेत, हे किमान जागतिक मानक आहे. इथे ते प्रत्येक ठिकाणी जमत नाही, तरी टेप घेऊन मोजाच, कारण अंदाजाने आखलं की मोठ्या कुटुंबाचीच जागा कमी पडते.

आणि रिकामा झालेला उतार तसाच सोडू नका. घर उतरवलं त्याच दिवशी तिथे बांबूचं कुंपण घाला, पाऊस लागला की वाळा लावा. त्याची मुळं खोल जाऊन माती धरतात. जागेची टंचाई एवढी आहे की उघडा राहिला, तर दुसरं कुटुंब तिथे ताडपत्री टाकतं आणि तुमची यादी पुन्हा पहिल्या नावापासून सुरू होते.