काठी डाव्या हातात

तर झालं असं की शुक्रवारी रात्री लाइट गेली आणि आमच्या बडोद्यातल्या, बाबाजीपुऱ्यातल्या घराचा जिना, जो मी बावीस वर्षं डोळे झाकून उतरतेय, त्याची शेवटची पायरी मी चक्क विसरले. मला वाटलं संपला जिना, तो संपला नव्हता. उजवं पाऊल आत वळलं, कट्ट असा आवाज आला आणि मी तिथेच खाली बसले, हातात दुधाची पिशवी तशीच धरून. पिशवी फुटली नाही याचंच सगळ्यांना कौतुक.

आणि रविवारी थीम पार्क! ठाण्याहून नणंदेची दोन्ही मुलं खास त्यासाठी आलेली, तिकिटं ऑनलाइन काढलेली, पैसे परत मिळत नाहीत असं खाली बारीक अक्षरात लिहिलेलं (ते आपण नेहमी नंतरच वाचतो).

शनिवारी सकाळी डॉक्टरांकडे गेले. त्यांनी घोट्याच्या दोन्ही बाजूंच्या हाडांची मागची कड दाबून बघितली, मग पावलाची करंगळीकडची बाजू, मग म्हणाले चार पावलं टाकून दाखवा. टाकली, कशी ते विचारू नका. हाडाची कड दाबल्यावर मी ओरडले होते म्हणून एक्सरे काढला, फ्रॅक्चर नाही, लिगामेंट ताणलंय. घरी येऊन लेकीने शोधून सांगितलं की हे दाबून बघणं आणि चार पावलं म्हणजे ऑटवा रूल्स, कॅनडातल्या डॉक्टरांनी 1992 मध्ये मांडलेले, मुरगळलेल्या प्रत्येक पायाचा उगाच एक्सरे काढायला लागू नये म्हणून. मी म्हटलं बरं, पण माझा काढलाच की. बाकी नेहमीचंच, क्रेप बँडेज, पाय उशीवर उंच, बर्फ फडक्यात गुंडाळून पंधरा-वीस मिनिटं. आमच्याकडे बर्फ म्हणजे फ्रोजन मटारचं पाकीट, त्या मटारची नंतर उसळ झाली.

मी म्हटलं तुम्ही जा सगळे, मी घरी बसते. तर भाचा म्हणाला, मामी, व्हीलचेअर घेऊ ना भाड्याने. मला इतकं विचित्र वाटलं! व्हीलचेअर म्हणजे हॉस्पिटल, म्हणजे काहीतरी मोठं. पण नवऱ्याने संध्याकाळपर्यंत सयाजी हॉस्पिटलच्या बाजूच्या एका सर्जिकलच्या दुकानातून डिपॉझिट भरून खुर्ची आणलीसुद्धा, निळ्या रेक्झिनची, एका चाकाला कुईकुई आवाज. पाय लांब करून ठेवायची पट्टी तिला नव्हती, ते आम्हाला पार्कात पोचल्यावर कळलं, मग पाय अख्खा दिवस थेपल्यांच्या डब्यावर ठेवला. डबा उंचीला परफेक्ट होता.

पार्कचं नाव नाही सांगत, बडोद्यापासून गाडीने जाऊन यायच्या अंतरावर आहे एवढं पुरे. आम्ही तिथे तिसऱ्यांदा जात होतो. मला वाटायचं मला ते पाठ आहे. खुर्चीत बसल्यावर कळलं की मला फक्त राइड्स पाठ आहेत, जमीन अजिबात नाही. पेव्हर ब्लॉक्स! दोन ब्लॉकच्या मधे बोटभर फट असते, चालताना आयुष्यात कधी दिसली नव्हती, खुर्चीची पुढची छोटी चाकं बरोब्बर तीच शोधून काढतात आणि गचकन अडकतात, आणि तुम्ही पुढे. भाच्याने दोनदा मला जवळजवळ ओतलंच. मग दुकानदाराने शिकवलेलं त्याला आठवलं की अशा ठिकाणी खुर्ची किंचित मागे कलवून पुढची चाकं उचलायची, आणि उतार तीव्र असला तर पाठमोरं उतरवायचं. पाठमोरं उतरताना समोर आभाळ आणि भाच्याची हनुवटी, बाकी काही दिसत नाही.

रॅम्प होते, नव्हते असं नाही. पण रॅम्पचं एक साधं गणित आहे, एक इंच उंचीला बारा इंच लांबी. फूटभर उंच ओटा असेल तर रॅम्प बारा फूट लांब हवा. तिथल्या फूड कोर्टला फूटभर ओट्याला चार फुटांची घसरगुंडी लावलेली. तो रॅम्प कधी कोणी खुर्चीवर बसून वापरला नसणार, सामानाच्या ट्रॉलीसाठीच असावा तो. 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्यात खासगी सेवा देणाऱ्यांनाही सुगम्यतेचे नियम पाळायचे आहेत, पण कायदा वाचून घसरगुंडी लांब होत नाही.

गेटवर वेगळी लाइन आहे का विचारलं तर मुलगा म्हणाला सर्टिफिकेट बताओ. मी एक्सरेचं पाकीट काढलं. त्याने ते उन्हात धरून इतकं मन लावून बघितलं की मलाच धास्ती, याला डॉक्टरांना न दिसलेलं काही दिसतंय का. मग नवऱ्याला विचारलं, बेनने शुं थयुं छे? अरे, बेन इथेच बसलीय, घोटा मुरगळलाय, जीभ नाही! पण हे दिवसभर झालं. पाणी हवंय का ते नवऱ्याला विचारणार, सावलीत घेऊ का ते भाच्याला विचारणार. बारा वर्षांच्या भाचीलासुद्धा विचारलं एकाने, आणि तिने मोठ्या ऐटीत माझ्या वतीने उत्तर दिलं की त्यांना चहा चालेल. मला कॉफी हवी होती.

राइड्सचं मात्र मी त्यांना दोष नाही देणार. ऑपरेटर मुलीने शांतपणे समजावलं की मॅडम, बसवायला आम्ही बसवू तुम्हाला, पण राइड वरती मधेच थांबली तर सगळ्यांना लोखंडी जिन्याने चालत खाली आणतात, ते तुम्हाला जमेल का? नाही जमणार. मी इतकी वर्षं त्या जिन्याकडे बघितलंही नव्हतं. आणि दिवसभरात माझ्याशी, माझ्याकडे बघून बोललेली ती पहिली व्यक्ती.

तर मुलं पळाली, नवरा त्यांच्याबरोबर, आणि मी राहिले आईंजवळ. आई म्हणजे माझ्या सासूबाई, वय 74, दोन्ही गुडघे गेलेले, काठी घेऊन चालतात. आधीच्या दोन्ही वेळी आम्ही त्यांना आणलं होतं आणि एका बाकावर बसवून सगळ्या पिशव्या, मोबाइल, चपला त्यांच्या मांडीवर टाकून गेलो होतो. तुम्हाला कंटाळा येत नाही ना, असं दर दोन तासांनी विचारून जायचो, त्या म्हणायच्या काही वांधो नाही.

आता ऐका. मी म्हटलं इथे झाडाखाली थांबू. आई म्हणाल्या, इथे नको गं, साडेबाराला इथलं ऊन उतरतं थेट डोक्यावर, त्या पिवळ्या खांबापाशी चल, तिथे तीनपर्यंत सावली असते. मला बाथरूमला जायचं होतं, बाहेर व्हीलचेअरचं चित्र असलेल्या बाथरूमला कुलूप, काचेतून आत फरशी पुसायचे पोछे आणि बादल्या दिसतायत. चावी सुपरवायझरकडे आणि सुपरवायझर जेवायला. आई म्हणाल्या, ते सोड, ते मागच्या वेळीही बंदच होतं, लॉकर रूमच्या मागे एक आहे त्याला पायरी नाही आणि आत धरायला नळाचा पाइप आहे, तो पक्का आहे, मी ओढून बघितलाय. गरम पाणी कुठला स्टॉलवाला फुकट देतो, कुठल्या बाकाला पाठ आहे, कुठल्या स्पीकरखाली बसलं की डोकं उठतं, सगळं! मी त्यांना विचारलं, तुम्हाला हे कसं माहीत, तर माझ्याकडे बघून म्हणाल्या, सात सात तास बसवून गेला होतात ना मला.

मी काही बोलले नाही. थेपला खाल्ला, छुंद्याबरोबर.

मग लॉकर रूमपाशी खुर्ची आत वळेना, तेव्हा सात-आठ पावलं चालणं भाग होतं. आईंनी त्यांची काठी दिली. मी साहजिकच उजव्या हातात घेतली, उजवा पाय दुखतोय म्हणून. आई ओरडल्या, अगं डाव्या हातात! गुडघ्यांसाठी फिजिओकडे जात होत्या तेव्हाचं ज्ञान, दुखऱ्या पायाच्या विरुद्ध हातात काठी धरायची, काठी आणि दुखरा पाय एकदम पुढे टाकायचे, भार काठीवर जातो. आणि पायरी चढताना चांगला पाय आधी, उतरताना दुखरा आधी. मी डाव्या हातात घेतली आणि खरंच, निम्मं दुखणं कमी. त्या मागून भिंतीला धरून येत होत्या आणि सूचना देत होत्या, आता थांब, आता टाक, घाई कसली आहे. बाहेर आलो तर माझी खुर्ची मोकळी बघून एक काका त्यात बसून मोबाइल बघत होते. आईंनी त्यांना गुजरातीत असं काही सुनावलं की ते खुर्ची ढकलत आमच्यापर्यंत घेऊन आले.

संध्याकाळी येताना मुलांना सेव उसळ हवीच होती, गाडीतच मागवली, तर्री माझ्या बँडेजवर सांडली, तो डाग अजून आहे.

मंगळवारी नवरा खुर्ची परत करायला निघाला तर आई म्हणाल्या मी पण येते. मला वाटलं देवळात वगैरे जायचं असेल वाटेत. नवरा परत आल्यावर हसत सांगत होता, दुकानदाराने डिपॉझिट मोजून दिलं तरी आई काउंटरवरून हलेनात. कमाटीबागेत जायचंय म्हणे, आत शेवटपर्यंत, आत्तापर्यंत दरवेळी गेटजवळच्या बाकावर बसून आलेय. आणि मग काठी काउंटरवर आडवी ठेवून त्याला म्हणाल्या, भाई, पंदर दिवसना केटला? अने पेली कुईकुई नथी जोइती, बीजी बताव.