बाई, तुम्ही बघितलंत का?

पर्वतीच्या पायथ्याशी एका मराठी शाळेत मी पाचवीला शिकवते. 26 नोव्हेंबर जवळ आला, संविधान दिनाची तयारी सुरू झाली की शासनाच्या तीन अंगांचा विषय निघतोच. इतकी वर्षं मी फळ्यावर तीन चौकोन काढायचे. कायदेमंडळ कायदे करतं, कार्यकारी मंडळ ते राबवतं, न्यायमंडळ न्याय देतं. मुलं पाठ करायची, पेपरात लिहायची आणि विसरून जायची.

गेल्या वर्षी ठरवलं, चौकोन नकोत, मुलांनाच बसवू. पट 34. मतदान घेऊन 20 जणांचं कायदेमंडळ केलं. मंत्री किती? 91व्या घटनादुरुस्तीने सभागृहाच्या सदस्यसंख्येच्या 15 टक्क्यांची मर्यादा घातली आहे. आपल्या 288 जणांच्या विधानसभेसाठी ती 43 येते, आमच्या 20 जणांसाठी बरोबर 3. आणि हे तिघं त्या 20 मधलेच. फळ्यावरच्या चौकोनांत नेमकं हेच दिसत नाही. आपल्याकडे मंत्री सभागृहातलाच असतो, नसला तर सहा महिन्यांत त्याला सदस्य व्हावं लागतं, आणि सभागृहाचा विश्वास गेला की मंत्रिमंडळही जातं. खरं अंतर राखून बसतं ते न्यायमंडळ. म्हणून 3 न्यायाधीशांचा बाक मी मुद्दाम खिडकीकडे, सगळ्यांपासून लांब लावला. उरलेले 11 जण नागरिक.

न्यायाधीश लांब का, हे सांगताना रामशास्त्री प्रभुण्यांचा विषय निघाला. आमची मुलं शनिवारवाडा बघून आलेली, नारायणरावांच्या खुनाची गोष्ट त्यांना ठाऊक. रामशास्त्रींनी राघोबादादांना देहांत प्रायश्चित्त सांगितलं आणि पुणं सोडलं, इथपर्यंत मी आले तेवढ्यात एक मुलगा म्हणाला, "पण बाई, ते बरोबर होते ना? मग त्यांनीच का जायचं?" प्रश्न मला फार आवडला. मी सांगितलं, तेव्हा न्यायाधीश नेमणारा आणि ज्याचा न्याय करायचा तो, एकाच गादीवर होते. आज उच्च न्यायालयाच्या न्यायाधीशाला सरकार मनात आलं म्हणून काढू शकत नाही. त्यासाठी संसदेच्या दोन्ही सभागृहांत विशेष बहुमताने ठराव व्हावा लागतो आणि मग राष्ट्रपतींचा आदेश निघतो. इतकं अवघड ठेवलंय ते न्यायाधीशाला न घाबरता बोलता यावं म्हणून.

दुसऱ्या दिवशी न्यायालय भरलं. मला वाटलं होतं, चेंडूवरून भांडण येईल. उठला तो मागच्या बाकावरचा एक अबोल मुलगा. वहीच्या मधलं जोडपान काढून त्यावर पेन्सिलने लिहिलं होतं. वर मोठ्या अक्षरात 'अर्ज', खाली 'माननीय न्यायाधीश'. त्याने चाचरत वाचलं, "बाईंनी माझा पीटीचा तास दोन आठवडे बंद केला. नकाशा मी फाडला नाही. मला कोणी विचारलंच नाही."

वर्ग एकदम गप्प. आदल्या आठवड्यात महाराष्ट्राचा भिंतीवरचा नकाशा फाटला होता. मी वर्गात शिरले तेव्हा त्याचा तुकडा याच्या हातात होता. मी तिथल्या तिथे शिक्षा सांगितली आणि हजेरी घ्यायला लागले.

मी काही बोलणार, तेवढ्यात न्यायाधीशांमधली एक मुलगी बाकावरून उतरली. "मी नाही बसणार. तो आमच्या शेजारी राहतो. मी त्याच्याच बाजूने बोलीन." हे मी तिला शिकवलं नव्हतं. आपला संबंध असलेल्या प्रकरणात न्यायाधीशाने बाजूला व्हायचं, हे नैसर्गिक न्यायाचं तत्त्व ती स्वतःच्या अकलेने बोलत होती. तिच्या जागी एक मंत्री धावला, पण बाकीच्यांनी त्याला हटकलं, "तू तिकडचा आहेस." शेवटी नागरिकांमधली एक मुलगी येऊन बसली.

"बाई, तुम्ही बघितलंत का फाडताना?"

"नाही. तुकडा त्याच्या हातात होता."

"उचलला असेल तर?"

माझ्याकडे उत्तर नव्हतं. मग तिन्ही न्यायाधीश उठून भिंतीपाशी गेले. एकीने बाकावर चढून खिळ्याच्या भोकात बोट घातलं, तर बोटावर गिलाव्याची पांढरी भुकटी आली. खिळा भिंतीतून निसटला होता. नकाशा खालच्या लाकडी पट्टीसकट पडला आणि पट्टीपाशीच फाटला. एरवी खिडकीकडे बसणाऱ्या दोघांनी पडताना बघितलं होतं. मग आधी का सांगितलं नाही? "तुम्ही विचारलं नाहीत, बाई." मी रागावले होते, म्हणून ती दोघं बोलली नव्हती.

कायदेमंडळातली एक मुलगी उभी राहिली. "नकाशा फाडला तर पीटी बंद, असा नियम आपण कधी केला?" केलाच नव्हता. संविधानाचं कलम 20 हेच सांगतं, की गुन्हा घडताना जो कायदा होता तो मोडल्याशिवाय कुणाला दोषी ठरवता येत नाही. ते कलम मी पुस्तकात वाचलं होतं. त्या दिवशी ते मला लागू झालं. नियम मी केला, राबवला मी, निकालही माझाच. तीन चौकोन शिकवणारी मी वर्गात तिन्ही जागी एकटीच बसले होते, आणि कितीतरी वर्षं.

न्यायाधीश कुजबुजायला लागले. एकीचे वडील शिवाजीनगर कोर्टात जातात. ती म्हणाली, "पुढची तारीख देऊ या का?" दुसरी म्हणाली, "नको, पीटी उद्या आहे." मग निकाल झाला. शिक्षा रद्द.

आता पीटीच्या सरांना कोण सांगणार? न्यायाधीश उठेनात. "आम्ही निकाल दिला. सांगायला मंत्र्यांनी जायचं." एक मंत्री चिठ्ठी घेऊन पळाला.

तेवढ्यात कुणीतरी विचारलं, "पण मागच्या आठवड्याचा तास?" त्या दिवशी मुलं मैदानावर लंगडी खेळत होती आणि हा वर्गात एकटा बसला होता. न्यायाधीशांना काही सुचेना. मलाही सुचलं नाही. मी त्याच्यासमोर उभी राहिले आणि सगळ्यांदेखत म्हणाले, "माझं चुकलं, बाळा. मी तुला विचारायला हवं होतं." त्याने मान हलवली आणि तो अर्ज घडी घालून खिशात ठेवला.

दुसऱ्या दिवशी सकाळी कायदेमंडळ कागद घेऊन आलं. शिक्षेआधी त्या मुलाचं म्हणणं ऐकायचं, असा नियम 20 विरुद्ध 0 मतांनी मंजूर. खाली सहीसाठी रेघ आखलेली. राज्यपालांची सही झाल्याशिवाय विधेयकाचा कायदा होत नाही, हे त्यांनी लक्षात ठेवलं होतं. मी टेबलावरचं पेन उचललं.

"लाल नको, बाई," कागद आणणारी मुलगी म्हणाली. "लाल तुम्ही चुकांना वापरता."

तिने कंपासमधून स्वतःचं निळं पेन काढून दिलं. मी सही केली आणि खाली तारीख घातली.