राणीची दाढ

माझ्या राणी घोडीच्या गव्हाणीखाली चघळून टाकलेले गवताचे ओले गोळे पडायला लागले, तेव्हा मला वाटलं गवतच खराब आलंय. दोन आठवडे मी गवतवाल्याशीच भांडत बसले. मग तिच्या डाव्या नाकपुडीतून कुबट वासाचा पू यायला लागला. फक्त डाव्या. वरची दाढ मुळाशी किडली होती.

घोड्याच्या दाढा झिजतात तशा वर्षाला २-३ मिलिमीटर बाहेर सरकत राहतात. वरचा जबडा रुंद असल्याने वरच्या दाढांना गालाकडून धार येते, म्हणून दरवर्षी कानस मारून घ्यायची. ते मी टाळलं होतं. तपासणी झाली असती तर कीड आधीच दिसली असती.

डॉक्टरांनी गुंगीचं इंजेक्शन देऊन, जबडा बधिर करून, उभ्यानेच दाढ काढली. दोन तास पकडीने हळूहळू हलवत होते. शेवटी चपचप आवाज आला. "सुटली बघ," ते म्हणाले. माझ्या मधल्या बोटाएवढी लांब! राणीचं जड डोकं तेवढा वेळ माझ्या खांद्यावर होतं.

आता खालच्या दाढेला घासायला समोर काही नाही, ती वाढतच जाणार. दर सहा महिन्यांनी कानस. पुढची तारीख तबेल्याच्या दारावर खडूने लिहून ठेवलीय.